दोन मुलांचं एक पान

टायटॅनिकबद्दल मला कुणी विचारावं लागत नाही, मी आपणहून सांगतो. इथे परदेशात, श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात पोरं मला पाठीमागे ‘टायटॅनिक काका’ म्हणतात. पूर्वी ते ऐकून मी खूश व्हायचो. आता कान तापतात.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मंडळाची सहल तळ्यावर नेली. छत असलेली मोठी बोट ठरवली. आयोजक अर्थातच मी. आमच्याकडे जेवणाचा अंदाज पानांवर धरतात आणि मुलाचं पान अर्धं. दोन मुलं मिळून एक. इतकी वर्षं मी असाच आकडा देत आलोय आणि जेवण कधी कमी पडलेलं नाही. बोटीच्या कप्तान बाईंनी आधी फोन करून विचारलं, मोठी माणसं किती, मुलं किती? माझ्या पुढ्यात जेवणाचाच कागद होता. तो वाचून मी मोकळा झालो: मोठी छत्तीस, मुलं सहा. होती बारा.

त्यानंतर एका विद्यार्थिनीचा फोन आला. नागपूरची, नवऱ्याबरोबर इथे पीएचडी करणारी, दीड वर्षाचं बाळ. दोघांची नावं दिली होती, पण बाळाचं फॉर्ममध्ये लिहायचं राहिलं म्हणून संकोचली होती. “अगं, एवढ्याशाचं पान कोण धरतंय?” मी म्हणालो. “घेऊन या बिनधास्त.” बोटीच्या बाईंना बाळाचं कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सहलीच्या दिवशी पुलावाचे ट्रे आणि मठ्ठ्याचं पातेलं चढवताना एकच गोंधळ उडाला. मुलं बोटीत आत-बाहेर करत होती. “आकडा फोनवर सांगितलात तोच ना?” बाईंनी विचारलं. उशीर होत होता. मी अंगठा वर केला.

तळ्याच्या मधोमध आल्यावर मी माइक हातात घेतला. त्या जहाजावर निम्म्या माणसांना पुरतील एवढ्याच जीवरक्षक नावा होत्या, मी सांगत होतो, आणि तरी नियमापेक्षा जास्तच होत्या, कारण नियम जहाजाचं वजन बघायचा, माणसं नाही! एवढे जीव गेले तेव्हा कुठे जगाला सुचलं की बोटीवर जेवढे जीव तेवढ्या जागा हव्यात. शेवटचं वाक्य मी नेहमी जरा थांबून म्हणतो: “आधी डोकी मोजा.” टाळ्या पडल्या.

पुलाव वाढायला घेतला आणि इंजिन खोकून बंद पडलं. वारा सुटला होता, बोट आडवी होऊन हलायला लागली. बाईंनी शांतपणे सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगितलं. बाकाखालची पेटी उघडली. मुलांची जॅकेटं निघाली सहा.

पहिलं मी उचललं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घातलं, बकल लावलं आणि मग मान वर केली. तोवर बाकीची पाचही गेली होती, आणि ते बाळ धरून सात मुलं तशीच राहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

“यू टोल्ड मी सिक्स,” बाई म्हणाल्या.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी आहे, मी जेवणाचा आकडा दिला. पण माइक अजून माझ्या हातात होता, आणि मी म्हणालो, “पीपल ब्रिंग किड्स विदाउट टेलिंग अस.” तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्या नागपूरच्या मुलीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं.

तिनं ओढणी सोडली, बाळाला छातीशी घट्ट बांधलं आणि बाकाच्या कडेला जाऊन बसली. नवऱ्यानं दोघांना हातांनी वेढलं. उरलेल्या मुलांना बाईंनी मोठ्यांची ढगळ जॅकेटं दोरीनं आवळून बांधली. त्या बाळाला कुठलंच जॅकेट बसत नव्हतं. अर्ध्या तासात दुसरी बोट आली आणि आम्हाला ओढत काठाला घेऊन गेली. कुणाला साधं खरचटलंही नाही, पण तो अर्धा तास मी त्या ओढणीच्या गाठीवरून नजर हटवू शकलो नाही. बाळाला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे, हे त्या बोटीवर फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

काठावर मी ट्रे गाडीत ठेवत होतो, माझी मुलगी शेजारी होती. ती नागपूरची दोघं आली. बाळ खांद्यावर झोपलं होतं. मला इतकी लाज वाटत होती की, आता ही मला चार शब्द सुनावणार या विचारानं, खरं सांगतो, बरं वाटलं.

“काका, सॉरी हं,” ती म्हणाली. “आमच्यामुळे तुम्हाला त्या बाईंचं ऐकून घ्यावं लागलं.”

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. जेवणाचा तो कागद तिनंच लिहिला होता, माझ्या शेजारी बसून, दोन मुलांचं एक पान असा हिशेब शिकत.

मी म्हणालो, “असू दे, होतं असं.”