गोवंडीची सुगी आणि एक पिवळी जुडी

साहेबांनी माझी भूतानची सुट्टी नामंजूर केली, आणि त्याच दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मार्थाने मला गोवंडीला बोलावलं. तिचं म्हणणं असं, की डोंगर दोन्हीकडे आहे. भूतानला बर्फाचा, त्यांच्याकडे कचऱ्याचा, आणि त्यांचा दरवर्षी वाढतो.

"रविवारी आमच्या मंडळीत सुगीचा सण आहे. ये," ती म्हणाली. मंडळी म्हणजे तिच्या चर्चची माणसं. तिचे आईवडील नगरकडून इथे आले, आणि येताना गावचं चर्च, गावची गाणी आणि गावचे सणही घेऊन आले.

"सुगी? गोवंडीत? तिथे पिकतं काय गं?"

"बघायला ये ना. आणि ते पांढरे बूट घालू नकोस."

बातमी घरात फुटली. सासूबाईंनी काळजीने विचारलं, "तिथे धर्म बदलायला लावत नाहीत ना?" याच सासूबाई धाकट्या दिरांच्या व्हिसासाठी कित्येक बुधवार माहीमच्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या लावून आल्या आहेत. पण ती म्हणे श्रद्धा. गोवंडीला गेलं की धर्मांतर.

प्रवासाची माहिती, कारण ब्लॉग वाचणाऱ्या तुमच्यापैकी काहींना तीच हवी असते: मुलुंडहून हायवेने रिक्षा केलीत तर रविवारी सकाळी तासाभराच्या आत पोचता. दोनशेच्या वर थोडे सुटे ठेवा. लिंक रोड येईपर्यंत रिक्षावाला तुमच्याशी क्रिकेटवर बोलतो. वस्तीचं नाव घेतलंत की त्याचा गॅस संपतो. माझाही संपला. पुढचं अंतर मी पायी केलं, आणि वाटेत या भागाचं मुख्य प्रेक्षणीय स्थळ पाहिलं, सार्वजनिक शौचालय. त्याच्यावर संगमरवरी पाटी आहे, पाटीवर नावं आहेत, नावांना रंगीत दिवे आहेत. आत पाणी नाही. वास मात्र मुबलक आणि मोफत, डोंगराकडून थेट येतो. पांढरे बूट मी घातलेच होते. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मार्था नाक्यावर घ्यायला आली. एरवी ऑफिसात तिची बडबड थांबत नाही. आज नुसती भराभर पुढे चालत होती. गल्लीत वळता वळता म्हणाली, "एक सांगून ठेवते. शांतवन येणार आहे आज."

शांतवन तिचा धाकटा भाऊ. तो नशेच्या गोळ्या घ्यायचा, एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचं तिने तेव्हा सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याने मंडळीची बाजाची पेटी चोरून विकली होती. ती पेटी मंडळीतल्या म्हाताऱ्या दावीदकाकांच्या वडिलांनी गावाहून आणलेली, आणि वाजवायचेही दावीदकाकाच. तेव्हापासून मंडळी नुसत्या ढोलकीवर गाते. मार्थाच्या आईने त्या दिवसापासून भक्तीला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, चर्चमध्ये पाय ठेवला नव्हता. शांतवन व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुटून आला, त्यालाही काही महिने झाले होते. आज दोघंही चोरीनंतर पहिल्यांदा येणार होते.

"कोणी काही बोलेल असं वाटतंय का?" मी विचारलं.

"बोलले तर चालेल गं. कोणी बोललंच नाही तर काय करायचं?"

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर उंच मनोरा आणि रंगीत काचा होत्या. इथे पत्र्याची लांबट खोली आहे. आठवड्याचे दिवस तिथे बालवाडी भरते, त्यामुळे वेदीच्या मागे भिंतीवर क्रूस आणि क्रूसाच्या शेजारी अननसाचा अ. दाराला दोन बाजूंनी ऊस बांधलेले. आणि वेदीसमोर सुगी मांडलेली होती: अंडी, लिंबाचं लोणचं, शिवलेल्या कापडी पिशव्या, पाय बांधलेली एक संतापलेली कोंबडी, आणि एक लाल भोपळा, ज्याच्यावर मॉलची चिकटपट्टी तशीच होती. माझ्यातली लेखिका खूश झाली. मी मनातल्या मनात विनोद जुळवायला लागले.

त्या सगळ्याच्या कडेला मेथीच्या काही जुड्या होत्या. लहान, पिवळट, दोऱ्याने बांधलेल्या. "त्याने लावली," मार्था हळूच म्हणाली. "माशांच्या थर्माकोलच्या खोक्यात, पत्र्यावर."

शांतवन भिंतीला टेकून बसला होता. बारीक, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. आई दाराजवळ, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. चपला तिने हाताशी ठेवल्या होत्या.

भक्ती झाली. पाळकसाहेब, म्हणजे इथले धर्मगुरू, आठवडाभर शाळेची व्हॅन चालवतात, त्यामुळे त्यांचं प्रवचन वेळेत सुटतं. मग लिलाव. सुगीला आणलेली वस्तू मंडळीतल्याच कोणीतरी बोली लावून घ्यायची, आणि ज्याने आणली त्यानेच ती घेणाऱ्याच्या हातात द्यायची. अंडी गेली. कोंबडीवर दोन जावांची जुंपली. मॉलच्या भोपळ्यालाही गिऱ्हाईक मिळालं.

मग पाळकसाहेबांनी जुडी उचलली. "मेथी. शांतवनने आणली आहे."

बाया पदर सारखे करायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. कोणी वर बघेना. दाराजवळ आईने एक चप्पल पायात घातली.

मला ते बघवेना. मी हात वर केला. मार्थाने तो धरून खाली ओढला.

"तू नको."

"अगं, पण कोणीच..."

"तू घेतलीस तर ती दया झाली. यांनी घ्यायला पाहिजे."

तेवढ्यात पुढून आवाज आला, "इकडे आणा जरा." दावीदकाका. त्यांनी जुडी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, वास घेतला आणि परत दिली.

"पानं पिवळी आहेत," ते म्हणाले. "दहा रुपये."

पाळकसाहेब म्हणाले, "काका, बाजारात वीसला आहे."

"मग बाजारातून घेतो."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. पाळकबाई म्हणाल्या, "पंधरा." काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "सोळा." मागच्या एका मावशीने वीस म्हटलं, आणि काका खरोखर चिडले. भाव बाजाराच्या पुढे गेला तेव्हा कुठे जुडी त्यांना मिळाली. उरलेल्या जुड्या मावशींनी आणि पाळकबाईंनी वाटून घेतल्या.

शांतवन उठला. जुडी घेऊन काकांसमोर उभा राहिला. मला वाटलं आता पेटीचं निघणार.

"खोक्याला खालून भोकं पाडलीस का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"पाड. पाणी साचतं, म्हणून पिवळी पडली." त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "आणि पुढच्या रविवारी लवकर ये. सतरंज्या घालायला माणूस नसतं."

शांतवनने मान हलवली. मी दाराकडे पाहिलं. आईने चप्पल काढली होती, आणि शेजारणीला "सरक गं जरा" म्हणून ती आत बसत होती. मनात जुळवलेले विनोद तोपर्यंत कुठे गेले, मला ठाऊक नाही.

जेवणात मटणाचा रस्सा आणि भात. तिखट आहे, पाण्याची बाटली सोबत ठेवा. मी दोनदा वाढून घेतलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी हिंदूच परतले होते, नुसते बूट बाटले होते. ब्लॉगसाठी नेहमीसारखं लिहायला बसले. कधी जावं, काय पाहावं, पाचपैकी किती तारे. ताऱ्यांच्या रकान्याशी अडकले, आणि पोस्ट आठवडाभर तशीच राहिली. पुढच्या रविवारी संध्याकाळी मार्थाला फोन लावला.

"आला का गं तो?"

"आला. उशिरा. काकांनी सतरंज्या घातल्या होत्या, मग त्याला सगळ्यांच्या शेवटी थांबवून गुंडाळायला लावल्या. आईपण थांबली."

विचारू नये ते मी विचारलं. "परत गोळ्यांकडे जाणार नाही, कशावरून?"

"कशावरूनच नाही," मार्था म्हणाली. "पण आता एखाद्या रविवारी नाही आला, तर काका घरी येऊन दार वाजवतील. इतके दिवस कोणी वाजवत नव्हतं."