घुंगरांचा रिकामा ड्रॉवर

मंडळी, आज हुपरीला एका वहिनींकडं गेलतो. पैंजणाची घुंगरं ठेवायच्या छोट्या ड्रॉवरांना हळू बंद होणारी चॅनेलं मीच बसवलती, त्यांच्या मालकांनी, म्हंजे नवऱ्यानं, सांगितलं म्हणून. मालक दिवाळीत वारले. धंदा आन् घुंगरं दिराकडं गेली.

"मिस्त्री, ड्रॉवर बोटभर उघडाच ऱ्हातोय," वहिनी म्हणाल्या.

भरल्या वजनाला लावलेला ताण रिकाम्या ड्रॉवरला जड जातो. मी चॅनेलच्या ताणाचा स्क्रू ढिला केला. ड्रॉवर अलगद मिटला.

"म्हंजे आता आत काय न्हाय तरी बंद हुतोय?"

"व्हय की!" मी खुशीत बोललो.

वहिनींनी ड्रॉवर परत ओढून मिटवून बघितला. "मग नको. रिकामा हाय ते दिसू दे. हुता तसाच करा."

मी स्क्रू परत आवळला. सांगा, मी दुसरं काय करायचं हुतं? निघालो तेव्हा त्या बोटभर फटीवर हात ठेवून बसल्या होत्या.