मनकर्णाबाई आणि पराग साहेबाचं कनेक्शन

माणूस फोनवर 'हॅलो' कसा म्हणतो यावरून मनकर्णाबाई त्याची लायकी ठरवत, आणि बहुतेकांची फार काही निघत नसे. तेहतीस वर्षं त्या भिलाईच्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. नवरा काविळीनं गेला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या. माहेर तुमसरकडचं, शिक्षण मॅट्रिक, कडेवर दोन वर्षांचा पराग. नवऱ्याच्या जागी नोकरी लागली. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, तेव्हा एका साहेबानं दिलदारपणे सांगितलं की बाई, आता तुम्ही नुसत्या तक्रारी लिहून घ्या. बाईंनी लिहून घेतल्या, आणि शालिकराम लाइनमनच्या मागे फिरून फॉल्ट शोधायलाही शिकल्या. साहेबाला शेवटपर्यंत स्वतःचा फोन होल्डवर ठेवता आला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी भिलाईतच, रुआबांध्यातल्या आपल्या दोन खोल्यांवर आणखी दोन खोल्या चढवल्या. वरच्या खोलीत आता पराग साहेबांचं ऑफिस होतं. कंपनी हैदराबादची, पराग घरून काम करायचा. म्हणजे कानाला हेडफोन लावून 'यस, श्योर, श्योर' करायचा. त्याच्या मते त्याचं काम आईला समजण्यापलीकडचं होतं. आईच्या मते ते त्यालाही समजत नव्हतं.

एका सोमवारी कंपनीनं फर्मान काढलं: यापुढे ऑफिसच्या सगळ्या फायली व्हीपीएनवरूनच उघडायच्या. व्हीपीएन म्हणजे घरच्या कॉम्प्युटरपासून ऑफिसपर्यंत इंटरनेटच्या आतूनच टाकलेली एक खाजगी लाइन. परागनं ते बसवलं, पासवर्ड टाकला, हिरवी खूण आली, 'कनेक्टेड' असं लिहून आलं. फायलींचं फोल्डर मात्र उघडेना.

मग तीन दिवस तमाशा चालला. कंपनीच्या हेल्पडेस्कवरचा पोरगा दर वेळी नवा, सल्ला तोच: "सर, एक बार रीस्टार्ट कर लीजिए." परागनं रीस्टार्ट केलं. सगळं काढून पुन्हा टाकलं. मग पुन्हा काढलं. दुसऱ्या दिवशी शेजारचा प्रफुल आला. कधीकाळी सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर तो गल्लीतला तज्ज्ञ. चहा पीत त्यानं आधी अँटिव्हायरस काढला, मग फायरवॉल बंद केली, एवढ्यात प्रिंटर चालेनासा झाला.

"काकू, विंडोज करप्ट आहे. पूरा फॉरमॅट मारावं लागते," तो म्हणाला.

"चालत तर होता ना काल प्रिंटर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ते अलग इश्यू आहे काकू."

"हो. तो इश्यू आता चहा पिऊन राहिला," बाई म्हणाल्या आणि कप उचलून घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी परागचा साहेब फोनवर चढ्या आवाजात बोलला. पराग जेवायला खाली आला नाही. बाई ताट घेऊन वर गेल्या, तर हा डोकं धरून बसलेला. त्यांना कीव आली नाही. एवढा शिकलेला माणूस तीन दिवस एकच दार ठोठावतो, दुसरं कोणतं आहे का तेही बघत नाही, याची त्यांना चीडच आली.

"तुह्या मोबाइलच्या इंटरनेटवर लावून पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"आई, तुले नाही समजत त्यातलं. वायफाय एकदम फास्ट आहे आपलं."

"फास्ट आहे का नाही ते मी विचारूनच नाही राहिली. मशीन तेच ठेव, लाइन बदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाव."

परागनं तोंड वाकडं करत मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. व्हीपीएन जोडलं. फोल्डर उघडलं.

तो बघतच राहिला. "म्हणजे वायफाय खराब आहे?"

"खराब असतं तर हिरवी खूण कशाले आली असती?" बाई पलंगावर टेकल्या. "त्या फायली जिथं ठेवल्या, त्या मशीनचा नंबर काय?"

परागनं हेल्पडेस्कचा मेल दाखवला: १९२.१६८.१.५०. बाईंनी वायफायचा डबा भिंतीवरून उतरवला, उलटा केला, चष्मा वर करून चिठ्ठी वाचली: १९२.१६८.१.१. मग त्यांनी डबा पोराच्या मांडीवर ठेवला.

"वाच. टिंबाटिंबांमधले पहिले तीन आकडे वाच."

परागनं वाचले. चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही.

"अरे, घराचे आकडे अन् ऑफिसचे आकडे सारखेच आहेत! तू ऑफिसचा पन्नास नंबर मागते, अन् तुह्यं मशीन समजते घरातलाच पन्नास पाहिजे. ते बाहेर जाईलच काहून? घरातच शोधत बसते. मोबाइलचे आकडे अलग, म्हणून त्यावर लागलं. आमच्याकडे एका ऑफिसात टेलिफोनचा वेगळा छोटा बोर्ड लावला होता, त्यावर पण चारशे बारा नंबर, आमच्या बोर्डावर पण चारशे बारा. तिकडचा मागितला की इकडचाच वाजे. महिनाभर साहेब लोक केबल खोदून राहिले होते."

"मग?"

"मग काय, नंबर बदलला. ऑफिसचा आपल्याले बदलता येत नाही. घरचा बदल."

डब्याचं सेटिंगचं पान कसं उघडायचं, ते परागला येत होतं. एवढं श्रेय बाईंनी त्याला दिलं. त्यानं तिसऱ्या आकड्याच्या जागी एकाऐवजी सत्याहत्तर टाकले, सेव्ह केलं, डबा बंद करून चालू केला. घरचं वायफाय, हिरवी खूण, आणि फोल्डर खटकन उघडलं. मग बाईंनी त्याच्याकडून फायरवॉल पुन्हा चालू करून घेतली आणि अँटिव्हायरसही परत टाकून घेतला. प्रफुलची घाण घरात ठेवायची नव्हती.

"जेव आता," त्या म्हणाल्या. 'थँक यू' आलं नाही. त्यांनी वाटही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाळलेले कपडे घ्यायला त्या वर गेल्या. ऑफिसच्या खोलीचं दार उघडं होतं. पराग आज हेडफोन काढून, स्पीकरवर मीटिंगमध्ये सांगत होता, "सर, मैंने रूट कॉज निकाला. हेल्पडेस्क को भी नहीं पता था. घर और ऑफिस के आयपी नंबर टकरा रहे थे." पलीकडून "व्हेरी गुड, पराग" आलं. पराग खुर्चीत मागे रेलला.

मनकर्णाबाई दारात थांबल्या. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत त्यांनी शोधलेला फॉल्ट एका साहेबानं आपल्या नावावर सांगितला होता, आणि त्या गप्प बसल्या होत्या. तेव्हा नोकरीची भीती होती. आता कशाची होती? त्या आत गेल्या आणि माइकजवळ वाकून स्पष्ट, ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "सर, फॉल्ट इसकी माँ ने निकाला. इसने सिर्फ नंबर टाइप किया."

पलीकडे सात-आठ जणांचं हसू फुटलं. परागनं घाईनं आवाज बंद केला. कानापर्यंत लाल झाला होता.

"आई! माझी इज्जत..."

"खोट्यावर उभी होती ती," बाई म्हणाल्या आणि गच्चीवर गेल्या.

दोन दिवस तो बोलला नाही. बाईंना घर शांत वाटलं, झोप छान लागली. शनिवारी हेल्पडेस्कचा फोन आला. आणखी चार जणांचं फोल्डर उघडत नव्हतं, आणि त्यांना परागशी नव्हे, 'वो मैडम' यांच्याशी बोलायचं होतं. पराग फोन घेऊन जिन्यावरून खाली आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि नजर चुकवत फोन पुढे केला.

बाईंनी हात पुसले. "हॅलो," पलीकडचा पोरगा चाचरत म्हणाला.

याचंही काही खरं नाही, बाईंनी ठरवलं. "हाँ बेटा," त्या म्हणाल्या, "कागज-पेन ले लो. उन चारों के घर के पहले तीन नंबर बोलो."