मोनारोमधली डावी सीट

शेजारच्या ओपांशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणाचं. कोरोनाचा पहिला वसंत होता. आइंडहोवनमधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझं ऑफिस झालं होतं. दर मंगळवारी माझी मीटिंग ऐन रंगात आली की शेजारच्या गॅरेजमधून असा घरघराट सुरू व्हायचा की आमच्या फडताळातले कप किणकिणायला लागायचे. एक-दोन मंगळवार मी दात-ओठ खात गप्प बसले. मग एकदा माझं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही, तेव्हा तणतणत बाहेर पडले.

गॅरेजचं दार उघडं होतं. आत एक पिवळीधमक, लांब नाकाची, दोनच दारांची जुनी गाडी आणि तिच्या डाव्या सीटवर ऐंशी ओलांडलेले ओपा. इथं आजोबांना ओपा म्हणतात. माझी मुलगी त्यांना तशीच हाक मारायची, म्हणून मीही. स्टिअरिंग उजवीकडे होतं. डावीकडूनच हात लांबवून त्यांनी किल्ली फिरवली होती.

"अहो, निदान गाडी बाहेर तरी काढा," मी म्हणाले.

"मला चालवता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं इंग्रजी ऑस्ट्रेलियन वळणाचं होतं. "मी ती फक्त बनवली. चालवायची माझी बायको."

भांडण तिथंच संपलं.

मग कुंपणाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या पडल्या. त्यांचा चहा त्यांच्याकडे, माझा माझ्याकडे, मधे सरकारी दीड मीटर. तरुणपणी इथून बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेलेले आणि म्हातारपणी बायकोसह ही गाडी घेऊनच परतलेले हे गृहस्थ तिथल्या मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायचे. १९६८ साली त्या कारखान्यानं ही मोनारो काढली. कल्पना तशी सोपी होती: चार दारांच्या घरगुती गाडीची दोन दारं कमी करायची, छप्पर मागं उतरतं करायचं आणि पुढं भलंथोरलं इंजिन बसवायचं. नाव एका डोंगराळ मुलखाचं. कुणा साहेबानं म्हणे रस्त्यावरची पाटी वाचून ते उचललं होतं. पहिल्याच वर्षी डोंगरावरच्या मोठ्या शर्यतीत मोनारो पहिली आली, आणि कारखान्यातले लोक लग्नघरातल्यासारखे मिरवत होते.

"पुढची पिढी जास्त गोलसर झाली. सुंदर होती," ते म्हणाले. "मग त्याच नावाची चार दारांची काढली." इथं त्यांनी तोंड असं केलं, जसं आमच्या आईनं गुळाऐवजी साखर घातलेली पुरणपोळी खाताना केलं असतं. पुढं पेट्रोल महागलं, मोठ्या इंजिनांचे दिवस गेले, नावही मागं पडलं. नव्या शतकाच्या सुरुवातीला मोनारो एकदा परत आली, चार-पाच वर्षं राहिली आणि गेली. नंतर कारखाना बंद झाला. आणि त्याच फेब्रुवारीत, कोरोना इथं पोहोचायच्या तोंडावर, मालकांनी त्या ऑस्ट्रेलियन गाड्यांचं नावच कायमचं पुसायचं जाहीर केलं होतं.

"माणसं म्हातारी होतात ते समजतं," ते म्हणाले. "पण नाव?"

मला तेव्हा वाटलं, हे गाडीबद्दलच चाललंय. पण त्यांची बायको, म्हणजे ओमा, वर्षभरापासून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. विसरण्याचा आजार. मार्चपासून भेटी बंद झाल्या होत्या. ते रोज सायकलनं जाऊन तिच्या तळमजल्यावरच्या खिडकीशी उभे राहायचे. मास्क लावलेला कुणी म्हातारा काच वाजवतोय म्हणून ती घाबरायची. मास्क काढला तरी फरक पडेनासा झाला होता. दारं उघडेपर्यंत ती आपल्याला पुरती विसरेल, या एकाच भीतीनं त्यांची झोप उडाली होती. मंगळवार हा तिचा गाडी काढून बाजाराला जायचा दिवस. म्हणून ते इंजिन सुरू करायचे. इथून तिला ते ऐकू येणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

"तिच्या खिडकीखाली गाडी नेली तर?" मी म्हणाले.

"नेणार कोण? गल्लीतल्या कुणालाही विचार. उजवीकडं बसून डाव्या हातानं गिअर टाकायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो."

मी नाशिकला गाडी शिकले होते. उजवीकडं बसून, डाव्या हातानं गिअर टाकत. इथं आल्यावर लायसन्स बदलून मिळालं, पण डावा हात काही बदलला नाही. इथल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत गिअर टाकायला गेले की तो दारावर आपटायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं नवरा म्हणाला, त्या दिवसापासून मी चिडून सायकलवर आले होते. आता मात्र अंगण सरळ झालं होतं.

आश्रमातल्या नर्सला फोन करून आम्ही निघालो. सगळ्या काचा खाली, दोघांना मास्क, आणि अंतर ठेवायचं म्हणून ओपा मागच्या सीटवर तिरपे. दोन दारांच्या गाडीत मागं शिरताना त्यांचे गुडघे बोलले आणि तेही बरंच बोलले. पण पहिला गिअर पडला, आणि माझा हात इतक्या वर्षांनी घरी आला. मला हसूच फुटलं.

"सेकंडला घाई नको!" मागून आवाज आला. "तीही अशीच घाई करते. पन्नास वर्षं सांगतोय."

खिडकीखालच्या फरसबंदीवर मी गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. पडदा हलला. पांढऱ्या केसांची, किरकोळ अंगाची बाई काचेशी आली आणि तिचा चेहरा उजळला. ओपा मागच्या सीटवरून पुढं झुकले. मग तिची नजर स्टिअरिंगवर आली, माझ्यावर आली, आणि ती दोन्ही हातांनी काच बडवायला लागली. तिच्या गाडीत, तिच्या जागेवर एक परकी बाई बसली होती! नर्स तिला आत न्यायला लागली.

"चल, परत फिरव," ओपा म्हणाले. इतका थकलेला आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

मला का कोण जाणे, माझाच राग आला. सवतीसारखी मी तिच्या जागेवर बसले होते आणि तिनं मला ओवाळावं अशी आमची अपेक्षा होती! मी ब्रेक ओढला, दार उघडून उतरले आणि लांब फुलांच्या वाफ्यात जाऊन उभी राहिले. "पुढं बसा," मी ओरडले. "नेहमीच्या जागेवर."

ते कण्हत-कुथत बाहेर आले, वळसा घालून डाव्या सीटवर बसले, मास्क काढला. उजवी सीट रिकामी. इंजिन घरघरत होतं.

ती नर्सचा हात सोडवून पुन्हा काचेशी आली. रिकामी सीट पाहिली. मग त्यांच्याकडं पाहिलं, बराच वेळ, कपाळाला आठी घालून. आणि खांद्यापासून कमरेपर्यंत स्वतःच्या अंगावर एक तिरपी रेघ ओढली.

पट्टा. पट्टा लाव.

ओपांनी घाईघाईनं पट्टा ओढला. त्यांच्या बोटांना तो लागेना. ती थांबली, लग्नाच्या बायका थांबतात तशी, वैतागून, पण थांबली. पट्टा लागल्यावर तिनं मान हलवली, समोर पाहिलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर डावा हात पुढं सरकवला. मग लगेच मागं.

मी वाफ्यात उभी राहून ढसाढसा रडत होते. ओपांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर तिच्या हातावर होती.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अजून सेकंडला घाईच करते."