घासलेला डॉलर

शुक्रवार सकाळ, आखातातल्या मत्रा बाजारातलं चांदीचं दुकान. हजर: मी, आमचे हे आणि रत्नागिरीचे दुकानदार.

पैंजण सांधायला मी त्यांच्याकडेच जाते. नाणं ते फक्त कडेनं धरतात. आधी साल बघतात, मग टांकसाळीची खूण. वजन सगळ्यात शेवटी. भावजींनी विकायला सोपवलेला जुना अमेरिकन डॉलर त्यांनी दिव्याखाली धरला.

"भाभी, हा घासलात काय?"

"दिवाळीच्या भांड्यांबरोबर. रांगोळीनं."

"खलास! साल दुर्मिळ होतं, पण घासलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत. आता नुसत्या चांदीचा भाव."

"पर्यटकाला चकचकीतच आवडेल," हे म्हणाले.

"त्यालाही घासलाय म्हणूनच सांगेन." त्यांनी डॉलर स्वतःच्या रुमालात गुंडाळून परत दिला.

आजच्या कामांच्या यादीतली बाकी कामं झाली. भावजींना फोन करायचा राहिलाय.