बिनमिठाचा भोपळा

डॉक्टरनी मला बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं, तर मी भाजीतलं कमी केलं अन् पापड दुप्पट खाल्ले. असला मी. अन् आमच्या गल्लीतले अण्णा बघा. किडन्या निम्म्याच्या वर गेल्यात, पण डायलिसिसवर जायचं नाय म्हणून जेवण जपतात. दुधी भोपळा चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग जिऱ्या-लसणाची फोडणी. मीठ नाय. अन् घास घेतला की डोळे मिटतात. दारात माझी रिक्षा उलटली तरी उघडायचे नाय.

परवा अण्णा लय थकलेले दिसले, म्हणून मी आजाऱ्याला नेतात तसं शहाळं घेऊन गेलो. ते नेमके जेवायला बसलेले. काकू दारातच ओरडल्या, "मेल्या, मारतो का काय ह्यांना? नारळपाण्यानं पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडंल!"

मी शहाळं पाठीमागं लपवलं. चांगलं करायला गेलो अन् खुनी ठरलो.

अण्णा हसले. "ये, बस. तूच पी माझ्यासमोर."

मी प्यायलो.

"गोड हाय?"

"लय गोड."

"मला लय आवडायचं," म्हणाले, अन् भोपळ्याचा घास घेतला. डोळे मिटले. सावकाश चावत राहिले, जसं काय लग्नातलं पंचपक्वान्न.

शहाळं माझ्या हातात, अन् तोंडाला पाणी सुटलं त्या भोपळ्यासाठी.

"अण्णा, एक घास द्या की."

त्यांनी ताट स्वतःकडं ओढलं. "गुमान तुझं शहाळं पी. हे माझं हाय."