सगळ्यांना विचारणारा सुहास

अन्वय, ईशा, तुमच्या सुहासमामाला जाऊन दीड महिना झाला. मी सावकाश, मन जरा थाऱ्यावर आल्यावर लिहिणार होते. पण परवा व्हिडिओ कॉलवर, अन्वय, तू छाती चोळत "सगळं ठीक आहे गं, आजी" म्हणालास आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. म्हणून आजच लिहायला बसले.

सुहास माझ्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा मुलगा. सॉफ्टवेअर कंपन्यांत तो 'एजाइल कोच' होता. मोठं काम लहान तुकड्यांत कसं करावं आणि ते करताना माणसांनी एकमेकांशी मोकळेपणाने कसं बोलावं, हे तो शिकवायचा. रोज सकाळी टीमने उभ्या उभ्या सांगायचं... काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. अडलंय असं कबूल करणाऱ्याला तो आधी शाबासकी द्यायचा. कुसुमला आणि मला, आम्हा दोघींना सोबत म्हणून पुण्याहून सोलापूरला आला, गच्चीवरच्या खोलीतून काम करू लागला, आणि हा प्रकार त्याने आमच्या स्वयंपाकघरातही सुरू केला.

"उभ्यानं काय बोलतोस, बूड टेक की!" कुसुम भाकरी थापत म्हणायची.

"बसलं की गप्पा लांबतात, आई. सांग, कुठं अडलंय तुझं?"

"सिलिंडरपाशी. आणतोस, का नुसताच विचारतोस?"

एकदा मी म्हटलं, "आणि तुझं रे?" तर हसून म्हणाला, "मावशी, अंपायरला कुणी धावा विचारतं का?" तेवढ्यात फोन वाजला आणि तो वर गेला.

गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याचं बोलणं माझ्या कानावर पडायचं. टीममधली मेघना एकदा फोनवर रडत होती. "उद्याच्या मीटिंगला तू यायचं नाहीस. त्यांच्याशी मी बोलतो. आधी झोप काढ," तो शांतपणे सांगत होता. फोन ठेवला आणि छातीवर हात दाबून तसाच उभा राहिला. मी हटकलं. "अ‍ॅसिडिटी आहे, मावशी. पुढच्या आठवड्यात दाखवतो." तो पुढचा आठवडा पुढेच सरकत राहिला...

त्या सकाळी कुसुम शेंगा भाजत होती. वरून आवाज येत होते, "सर, तुम्ही म्यूटवर आहात... सर, तुमचा आवाज येत नाही." ज्याला नको त्याने कॅमेरा बंद ठेवावा, अशी सुहासनेच मुभा दिली होती. त्याचाही बंद होता. नेट गेलं असेल, म्हणून टीममधली मुलं अदबीने थांबून राहिली. तेच तेच ऐकून अखेर कुसुम वर गेली. त्याचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. थोडं आधी कळलं असतं तर, असं कुसुम अजून मला विचारते.

तेराव्याला मेघना आली. "काकू, आम्ही नुसते वाट बघत बसलो हो..." कुसुमने तिच्यापुढे ताट ठेवलं. "जेव गं पोरी. तुला काय ठाऊक होतं?" जेवता जेवता मेघनाने सांगितलं, आता टीममधल्या प्रत्येकाने घरच्या एका माणसाचा नंबर बाकीच्यांना देऊन ठेवला आहे.

अन्वय, डॉक्टरांना दाखवलंस का? ईशा, तू त्याच्या जवळ राहतेस. फोनवर विचारू नकोस, जाऊन बघ.

सुहासची टीम अजून रोज सकाळी जमते. आधी तब्येत, मग काम. कुणी दोन हाकांना ओ दिली नाही, तर तिसरी हाक मारत नाहीत, सरळ घरी फोन लावतात. सुहासचं एवढं मागे राहिलं आहे.